पदाच्या डोक्यावरची ‘चाल’ : जुन्या जाहिरातीत भेटलेलं एक गाणं



गेल्या सत्रात मंडळाच्या एका बैठकीचा विषय होता ‘लक्षात राहिलेली जाहिरात’. कुणी साबणाची जाहिरात आणली, कुणी चहाची, कुणी सायकलची. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलानं मोबाईल प्रोजेक्टरला जोडला आणि व्हिडिओ गेमची एक जुनी जाहिरात लावली. पडक्या शहरातून एक धिप्पाड सैनिक एकटाच चाललेला. पियानोचे मोजकेच सूर आणि त्यावर एका पुरुषाचा थकलेला, जवळजवळ कुजबुजल्यासारखा आवाज.

मी विचारलं, “गाणं चांगलं आहे. कुणाचं?”

“गेमचंच असेल की ओ, सर.”

तेवढ्यात ध्रुवपद आलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. हे तर ‘मॅड वर्ल्ड’! ‘टिअर्स फॉर फिअर्स’ या इंग्लिश बँडचं गाणं. हा माझा सगळ्यात आवडता बँड, असं मी गेली पस्तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय. आणि त्याच बँडचं गाणं अख्खं एक कडवं होईपर्यंत मला ओळखू आलं नव्हतं.

खरं तर तिथंच हसून तसं सांगून टाकायला हवं होतं. पण मास्तरकीची सवय वाईट. मी म्हणालो, “अरे, हे गेमचं गाणं नव्हे. मूळ गाणं ऐकायचं सोडून जाहिरातीतला तुकडा काय घेऊन बसलास?” वर्ग हसला. मुलगा मोबाईल काढून घेऊन खाली बसला.

बैठक संपल्यावर तो जिन्यात भेटला. रागावलेला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, “सर, तुम्हाला ते मूळ गाणं पहिल्यांदा कुठं मिळालं?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

माझं ‘मूळ’ कुठलं?

मी पदवीला होतो तेव्हा बेळगावात कोरी कॅसेट नेऊन दिली की हवी ती गाणी भरून देणारी दुकानं होती. नव्वद मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरायच्या. गाण्यांची नावं आतल्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं लिहून मिळायची. माझ्या हातात आलेली कॅसेट मात्र एका मित्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत आलेली. पुठ्ठा कधीच हरवलेला. कोण गातंय, कुठल्या देशाचं, कुठल्या सालचं, काही पत्ता नाही. त्यात हे गाणं होतं. वर्षभर मी ते ‘दुसऱ्या बाजूचं तिसरं’ या नावानं ओळखत होतो. बँडचं नाव नंतर कळलं.

म्हणजे मलाही ते गाणं कुणा अनोळखी माणसानं, त्याच्या आवडीच्या क्रमात, नावगाव न सांगता दिलं होतं. या मुलाला ते जाहिरातीनं दिलं. फरक काय? माझ्या कॅसेटवाल्याला मला काही विकायचं नव्हतं, हा एक फरक आहे आणि तो लहान नाही. त्याकडे पुढे येऊच. पण ‘मी मुळातून ऐकलं आणि तू मधूनच उचललंस’ असं म्हणायचा अधिकार मला नव्हता.

‘चाल’ म्हणजे काय?

जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक तुम्ही ग्रंथालयात कधी उघडलंय का? प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘चाल –’ आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. त्या काळापासून ही पद्धत रुळली. नाटककार शब्द नवे लिही, पण सूर बरेचदा आधीपासून लोकांच्या ओठांवर असलेले घेई. कधी लावणीचे, कधी भजनाचे, कधी कानडी पदाचे, कधी हिंदुस्थानी चिजेचे. आणि ते कुठून घेतले हे सरळ लिहून टाकी. त्यात कमीपणा नव्हता. उलट त्या एका ओळीमुळे वाचणाऱ्याला गाता येई, आणि शोधणाऱ्याला मागे जाता येई.

जाहिरात गाणं वापरते, पण ‘चाल’ लिहीत नाही. एका मिनिटात तिला तेवढी फुरसत नसते. मग ती ओळ लिहायचं काम ऐकणाऱ्यावर येतं. हा अभ्यास म्हणजे तेच काम. आता त्या जाहिरातीतल्या गाण्याची ‘चाल’ आपण लिहून पाहू.

गाण्याचे तीन जन्म

पहिला जन्म १९८२ चा. रोलँड ऑर्झबाल आणि कर्ट स्मिथ हे इंग्लंडमधल्या बाथ गावचे दोन तरुण. बँडच्या नावामागे आर्थर जॅनोव्ह या मानसोपचारतज्ज्ञाचा विचार होता : लहानपणी गिळलेली भीती अश्रूंवाटे बाहेर पडू द्यावी. ‘मॅड वर्ल्ड’ लिहिलं ऑर्झबालनं, ऐन विशीच्या उंबरठ्यावर. पिझ्झाच्या दुकानावरच्या खोलीतून खालच्या रस्त्यानं जाणारी-येणारी माणसं बघत ते सुचलं, असं त्यानं सांगितलेलं आहे. गायलं मात्र कर्ट स्मिथनं. गाणं ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि १९८३ च्या ‘द हर्टिंग’ या पहिल्या अल्बममध्ये आलं.

गाण्याचा विषय उदास आहे. रोजचे तेच चेहरे, कुठेही न पोचणारी धावपळ, वर्गात कुणाच्याही लक्षात न येणारं मूल. पण संगीत? इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा ठोका, सिंथेसायझर, पायांना स्वस्थ बसू न देणारी लय. शब्द रडणारे आणि ताल नाचणारा. हा आतला विरोध हेच त्या गाण्याचं बळ होतं.

दुसरा जन्म २००१ चा. रिचर्ड केली या दिग्दर्शकाच्या ‘डॉनी डार्को’ या चित्रपटाला मायकेल अँड्र्यूज संगीत देत होता. शेवटाकडच्या प्रसंगासाठी त्यानं हे गाणं घेतलं आणि गायला आपला जुना मित्र गॅरी ज्यूल्स याला बोलावलं. ठोका काढून टाकला, लय खाली आणली, राहिला पियानो आणि एक आवाज. आता शब्द आणि सूर एकाच दिशेला चालले. चित्रपट आधी फारसा चालला नाही, पण हळूहळू त्याचा चाहतावर्ग वाढला आणि २००३ च्या नाताळात हेच गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. मूळ बँडच्या हाती या गाण्यावर पहिला क्रमांक लागला नव्हता, तो या दोघांना मिळाला.

तिसरा जन्म २००६ च्या नोव्हेंबरचा. एपिक गेम्सनं बनवलेला आणि मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स ३६० साठी बाजारात आणलेला ‘गिअर्स ऑफ वॉर’ हा युद्धाचा गेम. त्याची मिनिटभराची जाहिरात जोसेफ कोसिन्स्कीनं दिग्दर्शित केली. पुढे ‘टॉप गन : मॅव्हरिक’ करणारा तोच हा. अशा गेमच्या जाहिरातीत तोवर काय असायचं? धडाधड स्फोट, कर्कश गिटार, अंगावर येणारी अक्षरं. इथं एकटा सैनिक, मार्कस फेनिक्स. उद्ध्वस्त शहर. फुटक्या पुतळ्याच्या चेहऱ्यापाशी तो क्षणभर थांबतो. मग शत्रू मागे लागतात, तो पळत सुटतो, अंधारात शिरतो आणि समोर अवाढव्य कोळ्यासारखा प्राणी उभा. तो गोळ्या झाडत राहतो, पडदा काळा होतो. या सगळ्यावर ज्यूल्सचा तो थकलेला आवाज.

आता गंमत पाहा. १९८२ मध्ये विरोध गाण्याच्या पोटात होता, शब्द आणि ताल यांच्यात. २००१ मध्ये तो काढून टाकला. २००६ मध्ये तो परत आला, पण बाहेरून : शांत गाणं आणि हिंसक चित्र. मला ते गाणं का ओळखू आलं नाही, याचंही उत्तर यातच आहे. मी वर्षानुवर्षं ठोका ओळखत होतो. ठोका गेला आणि मी वाट चुकलो. शब्द मी पस्तीस वर्षांत नीट ऐकलेच नव्हते. त्या मुलानं ते पहिल्याच खेपेला ऐकले होते.

रसविरोध : आपल्याकडे याला काय म्हणतात?

साहित्यशास्त्राच्या पेपरात आपण रसांची मैत्री आणि वैर शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’मध्ये या वैराचा विचार केलाय. विरोधी रस एकत्र आले की काव्य बिघडतं, हे तो मान्य करतो. पण एक वाट मोकळी ठेवतो : एक रस मुख्य असावा आणि विरोधी रसानं त्याचं अंग व्हावं, म्हणजे त्याच्या सेवेला यावं. मग विरोधच मुख्य रसाला धार देतो.

याचं प्रसिद्ध उदाहरण महाभारताच्या स्त्रीपर्वातलं. युद्ध संपलंय. भूरिश्रव्याचा तुटलेला हात हाती घेऊन त्याची पत्नी विलाप करते आहे आणि याच हातानं आपल्याला कसं जवळ घेतलं होतं ते आठवते आहे. शृंगार आणि करुण एकमेकांचे वैरी. पण इथं शृंगाराची आठवण करुणाला कमी करत नाही, दुप्पट करते.

आता जाहिरातीकडे या. चित्रात भयानक आहे, वीर आहे. गाण्यात करुण. मुख्य कोण? पाहणाऱ्याच्या मनात शेवटी काय उरतं, त्यावरून ठरवा. माझ्या मते करुण मुख्य आहे. बंदूक, राक्षस, पळापळ हे सगळं त्याचं अंग झालंय. तो सैनिक शूर वाटत नाही, एकटा वाटतो. गाण्यात युद्धाचा उल्लेखही नाही. तरी शाळेतल्या दुर्लक्षित मुलाचं एकटेपण त्या आडदांड सैनिकाच्या खांद्यावर बरोबर बसतं. शब्द जे सांगत नाहीत आणि चित्रही जे सांगत नाही, ते दोघांच्या मध्ये तयार होतं. ध्वनी म्हणजे दुसरं काय?

याच वाटेवरचे आणखी तीन नमुने

एकाच उदाहरणावरून नियम बांधू नये. म्हणून आणखी तीन.

पहिला, ‘हेलो ३’ या गेमची २००७ ची ‘बिलीव्ह’ नावाची जाहिरात. हातानं घडवलेल्या छोट्या छोट्या सैनिकांची एक रणभूमी मांडलीय, संग्रहालयात असते तशी. कॅमेरा त्या गोठलेल्या चेहऱ्यांवरून संथपणे फिरतो. संगीत आहे शोपँ या पोलिश संगीतकाराचं, ‘रेनड्रॉप’ म्हणजे पावसाचा थेंब या नावानं ओळखलं जाणारं पियानोवादन. १८३९ साली प्रसिद्ध झालेली रचना आणि भविष्यातलं काल्पनिक युद्ध! पण तोच तो सूर थेंबासारखा टपटपत राहतो आणि रणभूमी स्मारक होऊन जाते. कितीतरी मुलांना शोपँ तिथं पहिल्यांदा भेटला असेल.

दुसरा, ‘गिअर्स ऑफ वॉर २’ ची २००८ ची जाहिरात. तिच्यात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरच्या ‘डेवोच्का’ या बँडचं ‘हाऊ इट एन्ड्स’ हे गाणं होतं. गाणं २००४ चं, आणि मध्ये २००६ च्या ‘लिटल मिस सनशाइन’ या विनोदी कौटुंबिक चित्रपटातही येऊन गेलेलं. एकच गाणं आधी एका विस्कळीत कुटुंबाच्या प्रवासाला आणि मग जगबुडीच्या लढाईला. पहिल्या जाहिरातीची युक्ती इथं पुन्हा वापरलीय, हेही लक्षात येतं. युक्तीची रीत झाली की धार कमी होते का, हा तुमच्यासाठी प्रश्न.

तिसरा जपानचा, आणि थोडा वेगळा. २००१ साली निन्टेन्डोच्या ‘पिकमिन’ या गेमच्या जाहिरातीसाठी ‘आइ नो उता’, म्हणजे ‘प्रेमगीत’, हे गाणं मुद्दाम तयार केलं. गेममध्ये पिकमिन नावाचे चिमुकले जीव जमिनीतून उपटले जातात, मालकाच्या मागे चालतात, त्याच्यासाठी लढतात, खाल्लेही जातात. गाणं त्यांच्या तोंडी आहे. चाल भोळी, बालगीतासारखी, आणि आशय निमूट आज्ञापालनाचा. जपानमध्ये गाणं अतिशय लोकप्रिय झालं. इथं बँडच जाहिरातीतून जन्माला आला. म्हणजे ‘मूळ’ आणि ‘जाहिरात’ हे दोन वेगळे असतातच असंही नाही.

पण जाहिरात ती जाहिरातच

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. कॅसेटवाल्या मित्राला काही विकायचं नव्हतं, जाहिरातीला विकायचं आहे. काय विकायचंय? ‘गिअर्स ऑफ वॉर’मधलं सगळ्यात गाजलेलं हत्यार म्हणजे पुढे करवत बसवलेली बंदूक. तो खेळ संथ नाही, उदास नाही, आणि ‘मॅड वर्ल्ड’ त्या पहिल्या गेममध्ये कुठंही वाजत नाही. जाहिरातीनं दुःख दाखवलं आणि डब्यातून थरार निघाला. याला फसवणूक म्हणायचं का?

मी दोन्ही बाजू मांडतो. एक बाजू अशी की करुणेचा असा वापर करुणेला स्वस्त करतो. कुणाचं खासगी दुःख, पिझ्झाच्या दुकानावरच्या त्या खोलीतलं, दुसऱ्याच्या मालाला चिकटवलं जातं. परवानगी असते, पैसेही मिळतात. गाणं रचणाऱ्याचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, म्हणून अशा वेळी दोन परवानग्या लागतात. पण कायदेशीर असणं आणि प्रामाणिक असणं या दोन गोष्टी आहेत.

दुसरी बाजू मला उशिरा कळली. याच मालिकेतला तिसरा गेम २०११ साली आला. त्यात मार्कसचा जिवलग मित्र डॉम इतरांना वाचवताना स्वतःचा जीव देतो, आणि त्या प्रसंगी ‘मॅड वर्ल्ड’ची शब्दांविना धून वाजते. म्हणजे बाहेरून, विक्रीसाठी आणलेलं गाणं पाच वर्षांनी कथेच्या आत आलं. जाहिरातीनं जे दुःख उसनं आणलं होतं, ते खेळाला शेवटी फेडावं लागलं. सगळ्या जाहिरातींबद्दल असं म्हणता येणार नाही. या एकीबद्दल म्हणता येतं.

माझं मत विचाराल तर : जाहिरातीवर विश्वास ठेवू नये, पण तिच्यातल्या गाण्यावर ठेवायला हरकत नाही. माल विकून होतो, डबा फेकला जातो, आणि गाणं कुणाच्या तरी कानात उरतं. उरलेल्या त्या गाण्याचं काय करायचं, हे मात्र जाहिरात ठरवत नाही, आपण ठरवतो.

तुमच्यासाठी अभ्यास

कुठलीही एक जुनी जाहिरात घ्या. भाषा कुठलीही चालेल. मग असं करा :

१. आधी आवाज बंद करून चित्र पाहा. मग चित्र झाकून गाणं ऐका. शेवटी दोन्ही एकत्र. तिन्ही वेळा मनात काय उमटलं ते एकेका वाक्यात लिहा.

२. शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधा.

३. गाणं या जाहिरातीआधी कुठं होतं आणि नंतर कुठं गेलं? लय, वाद्यं, गायक यांत काय बदललं?

४. मुख्य रस कोणता आणि अंग कोणतं? विरोध असेल तर तो गाण्याच्या आत आहे की गाणं आणि चित्र यांच्यात?

५. विकायची वस्तू आणि जागवलेली भावना यांचा खरोखर काही संबंध आहे का?

६. शेवटी हे सगळं एका ओळीत आणा. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर असते तशी : ‘चाल –’.

त्या मुलाला मी पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी गाणं मलाच आधी ओळखू आलं नव्हतं, आणि ते झाकायला मी त्याच्यावर ओरडलो. तो लाजला, म्हणाला, “असू दे ओ, सर.” मग त्यानं १९८२ चं गाणं लावलं. त्या आठवड्यात त्यानं ते शोधून ऐकलं होतं. त्याला ते फारसं आवडलं नव्हतं, ठोका जास्त वाटला. मला त्याचं पियानोवालं आता आवडू लागलंय.

फळ्यावर त्यानं एक ओळ लिहिली आणि ती पुसू नका म्हणून मी शिपाईमामांना सांगून ठेवलं : ‘चाल – ऑर्झबाल, बाथ. मार्गे अँड्र्यूज आणि ज्यूल्स. मार्गे एक जाहिरात.’ खाली दुसऱ्या कुणीतरी खडूनं भर घातली होती : ‘मार्गे मागचा बाक.’